एका चांदणीची तीट

चिमणाबाई,

हे कुणी तुम्हाला वाचून दाखवायला बसलं की मध्येच "थांबा, असं न्हवतंच" म्हणून ओरडू नका. असंच होतं. मी समोरच्या खिडकीतच होते, आणि पुढंपुढं तर तुम्ही मला खिडकीतून ओढून दारात बसवलंत. पेठेत तुमच्याबद्दल जे काही सांगतात त्यातलं निम्मं तुम्हीच पसरवलेलं असतं, आणि उरलेलं निम्मं ऐकून तुम्ही त्यात भर घालता. म्हणून म्हटलं, एकदा सरळ लिहून काढावं. चार लोकांना सांगताना "तुम्ही, तुम्ही" करून चालत नाही. इथून पुढं तुम्ही चिमणाबाई आणि मी समोरच्या संयोगिताबाई. दोघींनाही सारखंच झोडपता येईल. तुम्ही माझ्यावर सोपवलेलं ते काम अजून तसंच पडून आहे, त्याचं शेवटी बोलू. आधी हे ऐका.

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत कुणाच्या घरी मूल झालं की पेढ्यांच्या आधी चिमणाबाईंना निरोप जातो. बाळ-बाळंतिणीला चोळून न्हाऊ घालायचं हे त्यांचं काम. न्हाणीत पाय लांब करून बसायचं, नडगीवर बाळ पालथं घालायचं, आणि ते बेंबीच्या देठापासून ओरडत असताना त्याच्या आईशी गप्पा मारायच्या. पेठेतले निम्मे पैलवान त्यांच्या ह्याच पायांवर आडवे झालेले आहेत. त्यातला एखादा रस्त्यात भेटला की अजूनही त्या चारचौघांत त्याचे खांदे चाचपून बघतात आणि म्हणतात, "हा डावा मी नीट बसवलाता. तालमीत जाऊन बिघडवलास व्हय रं?"

बाळाच्या अंगाला लागणारी कुठलीही वस्तू चिमणाबाई आधी स्वतःवर वापरून बघत. नवा साबण आला की पहिल्यांदा त्यांचं तोंड. पोटदुखीचं औषध आलं की एक चमचा त्यांना. ते घेऊन त्या भिंतीला टेकून बसायच्या आणि ढेकर कसा येतो त्यावर निकाल द्यायच्या. डायपरची परीक्षा तर बघण्यासारखी. त्यात तांब्याभर पाणी ओतायचं, तो पाटावर ठेवायचा आणि त्यावर सगळा भार टाकून बसायचं. मग बाळंतिणीच्या सासूशी तिच्या सगळ्या जावांचा विषय पुरा होईपर्यंत उठायचं नाही. उठल्यावर लुगडं मागून कोरडं असलं तर माल चांगला. दात येणाऱ्या बाळांना चावायला देतात त्या रबरी कडीला एकदा त्यांनी अशी दाढ लावली की कडी शाबूत आणि दाढ हातात. "माल एकदम टणक हाय," दाढ पदराच्या गाठीत बांधत त्या म्हणाल्या.

अशा बाईच्या हातात जावयानं स्मार्टफोन दिला.

फोनवरून वस्तू मागवता येतात ह्याचं त्यांना फार काही वाटलं नाही. वस्तू आल्यावर ती कशी आहे ते सगळ्या जगासमोर सांगता येतं हे कळलं तेव्हा मात्र त्या चाटच पडल्या. "म्हंजे इकणारा स्वतःच्याच दारात शिव्या खायाला जागा ठेवतो? लई भली माणसं की!" लिहायचा त्यांना कंटाळा, पण फोन बोललेलं लिहून घेतो म्हटल्यावर तो प्रश्न मिटला. त्या ओट्यावर बसून, लांबच्या माणसाला सांगावं तशा मोठ्यानं, फोनला मत सांगायच्या. त्यामुळे ते जगाच्या आधी बोळाला कळायचं.

"थर्मास आला. सकाळचा च्या दुपारी गार. आमचं मालक बी असंच होतं, पर त्यास्नी गरम ऱ्हायाची गॅरंटी लिवलेली न्हवती. दोन चांदण्या."

"उंदराचा सापळा. उंदीर आत जातो, खोबरं खातो, भायेर येतो, परत जातो. पाच चांदण्या. माझ्याकडनं न्हवं, उंदराकडनं."

रेटिंगच्या ताऱ्यांना त्या चांदण्या म्हणत, आणि त्या कशा द्यायच्या ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. हे आधीच सांगते, नाहीतर पुढचं वाचून कुणी म्हणेल, बिचारीला कळलं नसेल. सगळं कळत होतं. तीच तर अडचण होती.

कारण लेकराच्या वस्तूचं कौतुक चिमणाबाईंच्या तोंडून कधी निघायचंच नाही. न्हाऊन, धुरी घेऊन, काजळ-तीट लावून बाळ हातात आलं आणि एखादी पाहुणी म्हणाली, "अगं बाई, कसलं गोड!" की चिमणाबाई खेकसायच्या. "गप! काळं मांजर हाय नुसतं. नाक बघा, भजं बसल्यागत." मग तीनदा थुंकल्यासारखं करून मीठ-मोहरी ओवाळायला सुरुवात. लेकराला चांगलं म्हणणारी माणसं म्हणजे त्यांच्या लेखी उघड्या विहिरी. कोण कधी घात करेल सांगता येत नाही. लेकराला आणि लेकराच्या अंगावरच्या कापडाला नावं ठेवावीत, म्हणजे ते सुखात राहतं, हा त्यांच्या धंद्याचा पाया होता.

त्यांची एकुलती एक लेक स्नेहल इचलकरंजीला दिलेली. जावई अमरसिंह यंत्रमागाच्या एका शेडमध्ये कामाला. पण शेडच्या मालकानं एक पाळी बंद केली, आणि अमरसिंह आठवड्यातले निम्मे दिवस घरात बसून छताकडे बघायला लागला. स्नेहलकडं शिलाई मशीन होतं, शेडमधलं मऊ सुती कापड होतं, आणि नुकतंच झालेलं राजवीर नावाचं बाळ होतं. तिनं तिन्ही एकत्र केली. बाळांची दुपटी, टोपडी आणि लंगोट शिवून ऑनलाइन विकायला लागली. पिवळ्या दुपट्यात गुंडाळलेला राजवीर, तोंडाचं बोळकं उघडून हसतोय, असा फोटो तिनं दुकानाच्या माथ्यावर लावला. माल खपायला लागला. घरात दूध, किराणा, राहत्या खोलीचं भाडं, सगळं त्या पिवळ्या दुपट्यावर चालायला लागलं.

चिमणाबाईंनी तो फोटो फोनवर बघितला आणि लगेच लेकीला फोन लावला.

"स्नेहल, ह्याची तीट कुठं हाय?"

"लावलीती की गं आई, गालावर. फोननं पुसली. डाग दिसला की फोटोतनं आपोआप काढतो तो."

"फोनला कुणी सांगितलाता शानपणा?"

फोटोखाली लोकांची मतं होती, सगळी पाच चांदण्यांची. किती गोड बाळ, किती मऊ कापड. भोपाळच्या एका बाईनं लिहिलं होतं, बाळाला खाऊन टाकावंसं वाटतं. चिमणाबाई तडक फोन घेऊन समोर संयोगिताबाईंकडे गेल्या. संयोगिताबाई कॉलेजात तर्कशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या, आणि पेठेत बाकी कुणाला तर्काची गरज नसल्यामुळे बऱ्याच मोकळ्या.

"बाई, हे वाचा. खाऊन टाकावं वाटतंय म्हनं! कोण हाय ही बया?"

"अहो, लाडानं म्हणतात तसं."

"आणि ह्या चांदण्या? एका माणसानं पाच, अशी किती माणसं! ह्या चांदण्या न्हाईत बाई, डोळं हाईत. सगळ्या देशाचं डोळं माझ्या नातवावर, आणि पोराच्या गालाला बोटभर काळं न्हाय!"

"दृष्टबिष्ट काही नसतं चिमणाबाई. एक गोष्ट आधी घडली आणि दुसरी नंतर, म्हणून पहिलीमुळं दुसरी झाली असं होत नाही."

"व्हय? मग तुमच्या ल्येकाच्या नव्या गाडीला लिंबू-मिरची कुणी बांधली?"

"ती गाडी विकणाऱ्यानं बांधली."

"आणि तुम्ही सोडली न्हाईसा."

संयोगिताबाईंनी चहा ठेवला. त्याच आठवड्यात राजवीरला सर्दी झाली, नाक वाहायला लागलं, रात्रभर किरकिर. तर्कशास्त्राच्या दृष्टीनं ती नुसती सर्दी होती. चिमणाबाईंच्या दृष्टीनं तो भोपाळहून आलेला निकाल होता.

मग त्यांनी उपाय केला. ज्याला तीट लावायची ते लेकरू आता फोनमध्ये होतं, तेव्हा तीटही फोनमध्येच लावायला हवी, एवढं साधं गणित. पण वस्तू घेतल्याशिवाय मत देता येत नाही, म्हणून त्यांनी लेकीच्याच दुकानातून एक पिवळं दुपटं मागवलं. इचलकरंजीहून कोल्हापूरला तासाभरात एसटी येते. ते दुपटं मात्र आधी पुण्याला जाऊन आलं. आल्यावर त्यांनी ते उकळलं, पिळलं, पाटावर ठेवून त्यावर बसून बघितलं, रंग जातो का म्हणून आपल्या पांढऱ्या लुगड्यात गुंडाळून ठेवलं. काही झालं नाही. उन्हात वाळलेलं दुपटं गालाला लावून त्या बराच वेळ न्हाणीच्या उंबऱ्यावर बसल्या. लेकीनं टाका इतका बारीक घातला होता की बोटाला लागत नव्हता. एवढ्या वर्षांत बाळाला इतकं चांगलं कापड त्यांनी गुंडाळलं नव्हतं.

डोळे पुसून त्यांनी फोन तोंडाशी धरला.

"दुपटं मिळालं. नसतं मिळालं तर बरं झालं असतं. पोत्यागत टोचतंय. फोटूतलं पोरगं तर असलं काळंबेंद्रं आणि फताड्या नाकाचं की कुत्रं बी हुंगायचं न्हाय. एक चांदणी. ती बी जास्तच झाली. थू थू थू."

फोननं तिन्ही थू इमानदारीनं लिहून घेतले. दुसऱ्या दिवशी राजवीरची सर्दी उतरली.

एवढ्यावर भागलं असतं. पण दुपटी खपत होती आणि कौतुक वाढत होतं. कुणी नागपूरहून, कुणी सुरतेहून पाच-पाच चांदण्या फेकत होतं, आणि त्या सगळ्यांना एक तीट कशी पुरणार? चिमणाबाईंनी पेठेतल्या लेकुरवाळ्यांना ओट्यावर गोळा केलं. ह्यातल्या बऱ्याचजणींना त्यांनीच न्हाऊ घातलेलं, काहींना तर दोनदा, आधी बाळ म्हणून आणि मग बाळंतीण म्हणून. नाही म्हणायची कुणाची टाप नव्हती.

"प्रत्येकीनं एक दुपटं मागवायचं आणि वाईट लिवायचं. एक चांदणी. वर जाऊ नका."

मोना म्हणून एक नवी आई होती, ती चाचरत म्हणाली, "पण आजी, दुपटं चांगलं हाय की."

"चांगलं हाय म्हणून तर! वाईट आसतं तर तोंड कशाला उघडलं आसतं?"

मोनानं लिहून आणलं: हे दुपटं गुंडाळलं की माझं बाळ झोपतं ते उठतच नाही. चिमणाबाईंनी ते नापास केलं. "हे कौतुक झालं. पोरगं झोपलं तर आई पाया पडंल त्या दुपट्याच्या. बदल." मग बायकांना जोर चढला. एकीनं लिहिलं, ह्या दुपट्यानं मी गाडी पुसली, गाडी रुसली. दुसरीनं लिहिलं, फोटोतलं बाळ बघून आमच्या बाळानं दूध सोडलं. तिसरीनं रागाच्या भरात आपल्या नणंदेबद्दल लिहिलं, तेही चिमणाबाईंनी पास केलं. शेवटी सगळ्याजणींनी थू थू थू केलं, आणि फोननं जिथं-तिथं ते लिहून घेतलं.

तिकडं इचलकरंजीला स्नेहल आधी हरखली. कोल्हापुरातून एकदम एवढी मागणी! अमरसिंहनं छताकडे बघणं सोडून दुपट्यांच्या घड्या घालायला सुरुवात केली. आणि मग ती मतं यायला लागली. पाठोपाठ कंपनीचं इंग्रजी पत्र आलं. ते घेऊन, काखेत राजवीर मारून, ती एसटीनं कोल्हापूरला आली आणि घरात पाऊल न टाकता समोर संयोगिताबाईंच्या दारात बसली. पाठोपाठ चिमणाबाई आल्याच.

संयोगिताबाईंनी पत्र वाचून सांगितलं. चांदण्या फार खाली गेल्या आहेत. महिनाअखेरपर्यंत वर आल्या नाहीत तर दुकान बंद.

"आई, पेठेत आपल्या वाईटावर कोण हाय?" स्नेहलच्या डोळ्यांत पाणी होतं. "सगळी ह्या एका बोळातली. असं काय केलंय मी कुणाचं? हे ऐक. काळंबेंद्रं म्हनं माझं पोरगं. फताड्या नाकाचं म्हनं. कुत्रं बी हुंगायचं न्हाय म्हनं. एक चांदणी, ती बी जास्त, आणि शेवटी..."

ती थांबली. पुन्हा एकदा वाचलं. मग मान वर केली.

"शेवटी थू थू थू. आई. हे तू लिवलंयस?"

"मग काय भोपाळची लिवणार?" चिमणाबाई छाती काढून म्हणाल्या. "पोराची सर्दी गेली का न्हाय?"

"अगं, दुकान बंद पडायला लागलंय माझं!"

"पडंना का. पोरगं हाय तर सगळं हाय."

"पोराचं दूध त्याच दुकानातनं येतंय आई! शेड निम्मी बंद, नवरा घरात. दूध बंद झालं की कुठं तीट लावणार हाईस? वाटीला?"

चिमणाबाईंनी लेकीच्या मांडीवरून राजवीरला उचललं, तिथंच फरशीवर पाय लांब केले, त्याला नडगीवर पालथं घातलं आणि तेलाशिवायच त्याची पाठ चोळत बसल्या. राजवीर खिदळला. तशा त्या म्हणाल्या, "तीट दिसली पायजे. फोटूत. मग मी काढून घीन सगळ्यांचं बोलणं."

मग सुरू झालं फोटो काढणं. स्नेहलनं गालाला तीट लावली, फोननं पुसली. जरा मोठी लावली, ती पुसली. फोनमधलं ते पुसायचं बटण कुठं आहे ते तिघींनाही सापडेना. मग रुपयाएवढी लावली. फोननं ती गुलाबी केली. चिमणाबाई हट्टाला पेटल्या. कपाळावर एक, दोन्ही गालांवर दोन, हनुवटीवर एक, तळपायाला एक, सगळं काजळ संपलं. आता फोन हरला, डाग दिसले. फोटो दुकानावर चढवला, आणि कंपनीनं तासाभरात परत पाठवला: चित्रातील बाळ आजारी दिसत आहे, कृपया निरोगी बाळाचा फोटो लावावा.

"निरोगी बाळाचा लावला की तुम्ही डोळं लावताय," चिमणाबाई फोनला म्हणाल्या.

संयोगिताबाईंचं डोकं उठलं होतं. त्या वैतागून म्हणाल्या, "अहो, बाळाला नाही तर त्या दुपट्यालाच लावा एकदाची तीट आणि मला जेवू द्या!"

त्या रागानं बोलल्या होत्या. पण मायलेकींनी एकमेकींकडं बघितलं. स्नेहलनं पिशवीतून काळ्या कापडाचा तुकडा काढला, वाटी उपडी ठेवून गोल आखला, आणि दुपट्याच्या कोपऱ्याला, बाळाच्या गालाजवळ येईल असा, तो बारीक टाक्यानं शिवून टाकला. आता तीट मालातच होती. फोनला ती पुसता येईना, कारण तो गालावरचा डाग नव्हता, कापडावरची नक्षी होती. कंपनीला आजार दिसेना. चिमणाबाईंनी तो काळा गोल बोटानं दाबून बघितला, ओढून बघितला, दातानं उसवून बघितला. निघाला नाही.

त्याच दुपारी ओट्यावर पुन्हा सभा भरली. सगळ्याजणींनी आपापलं बोलणं बदललं. नणंदेबद्दलचं मात्र तसंच राहिलं, कारण ते खरं आहे असं लिहिणारीचं म्हणणं पडलं. चांदण्या चढल्या आणि दुकान कसंबसं वाचलं. पुढं त्या काळ्या गोलाची दुपटी जास्तच खपायला लागली आणि अमरसिंह कापड कापायला बसायला लागला. भोपाळच्या त्याच बाईनं दुसरं दुपटं मागवलं आणि तक्रार लिहिली: कोपऱ्यावर काळा डाग आहे, कितीही धुतला तरी जात नाही, एक चांदणी. ते वाचून दाखवल्यावर चिमणाबाई आनंदानं टाळ्या पिटायला लागल्या. "बघा बाई! आता भायेरची माणसं आपणहून तीट लावाय लागली!"

तर चिमणाबाई, आता ते राहिलेलं काम.

सगळ्या बायकांनी आपापलं बदललं, तुम्ही सोडून. तुमचं "काळंबेंद्रं" अजून तिथंच आहे, थू थू थू सकट. त्या दिवशी तुम्ही फोन माझ्या हातात दिलात आणि म्हणालात, "बाई, ल्येकीनं लई चांगलं केलंय. माझ्या तोंडानं म्हणाय येत न्हाय. तेवढं तुम्ही माझ्या नावानं पाच चांदण्या द्या. पर जावळ झाल्यावर."

जावळ झालं. मी विचारलं, तर म्हणालात दात येऊ देत. दात आले, तेव्हा म्हणालात पाऊल टाकू दे. पाऊल टाकलं, तेव्हा म्हणालात बोलू दे. बोलायला लागलं आणि पहिल्या दिवसापासून तुमच्यासारखंच ओरडायला लागलं. शेवटी गेल्या आठवड्यात मीच म्हटलं, आता बास, आणि तुमच्यादेखत तुमचा फोन उघडला. एक, दोन, तीन, चार अशा चांदण्या लागल्या. पाचवीवर बोट ठेवणार, एवढ्यात माझ्या दारात खेळणारा राजवीर शिंकला.

एकच शिंक. तर्कशास्त्रात तिला काही अर्थ नाही, हे मी आयुष्यभर शिकवलं.

तुम्ही माझ्याकडं बघितलंत, मी तुमच्याकडं. मी फोन पालथा घालून फ्रीजवर ठेवला. तो अजून तिथंच आहे. येऊन घेऊन जा, आणि येताना लिंबू-मिरची आणा, गाडीची वाळली आहे.

तुमची,
समोरची संयोगिताबाई